आज हिरवा नको

"दिगूदादा, आज हिरवा नको," आरशात बघत शालनताई म्हणाली.

माझं बोट डबीतच राहिलं. अकरा वर्षं मी त्या चेहऱ्याला रंग लावत होतो आणि अकरा वर्षं सुरुवात हिरव्यानंच होत होती. आधी कपाळाला रंगाचं एक बोट, कारण आमच्या उस्तादांची तशी शिस्त: रंगभूषाकाराचं पहिलं बोट कपाळावर टेकायचं आणि नटानं ते हात जोडून घ्यायचं. मग नाकाच्या दोन्ही अंगांना आणि गालांच्या उंचवट्यांवर हिरवट रंगाचा पातळ थर. बाकीचा साज त्याच्यावर. लालावर हिरवा बसला की दोघंही एकमेकांना खातात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं गणित.

"नको म्हणजे? तीन महिन्यांच्या सुट्टीत चेहरा बदलून आणलात की काय?" मी हसत विचारलं.

"नीट बघा तरी."

मी वाकलो. मला तर गाल नेहमीसारखेच दिसले. पुण्याच्या त्या रंगपटातला बल्ब अगदीच मिणमिणता होता. बल्बांचं हे दुखणं दोन वर्षांपासून सगळ्याच नाट्यगृहांत सुरू झालं होतं आणि प्रत्येक व्यवस्थापकाशी त्यावरून माझी एकेकदा जुंपलेली होती. मी आणखी जवळ गेलो, अगदी नाकाला नाक लागेपर्यंत, तेव्हा कुठं दिसलं. नाकाशेजारच्या लाल नसा नव्हत्या. गालावरची ती बारीक दोऱ्यांची गुंतवळही नव्हती.

"गेल्या कुठं?" मी विचारलं. हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसं.

"डॉक्टरांनी जाळल्या. लेझरनं. आषाढापासून तीन बैठका झाल्या." ती आरशातल्या माझ्याकडे बघत होती. "छान झालंय ना?"

तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचो, मनात मात्र ती 'ती'च होती. मनातल्या त्या हक्कानं मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला.

"मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

हे खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. मी हिरव्याची डबी मिटली. कपाळाला बोट लावलं, तिनं हात जोडले, आणि उरलेला रंग मी लावून टाकला. त्या दिवशी रंगीत तालीम होती. निर्माते उपळेकर घाईत होते, म्हणून तिसऱ्या अंकाची रंगभूषा रविवारी सांगलीच्या प्रयोगालाच करू असं ठरलं. मला ते बरंच वाटलं, कारण तिसरा अंक हेच माझं खरं दुखणं होतं.

ते का, ते सांगतो. आमच्या नाटकात शालनताई पहिल्या अंकात वीस वर्षांची मुलगी असायची आणि तिसऱ्या अंकात सत्तरीची म्हातारी. पहिल्या प्रयोगाच्या आधी मी तिच्या गालावर म्हाताऱ्या माणसाच्या फुटलेल्या नसा रंगवून पाहिल्या होत्या. काही केल्या जमेनात, रंगवलेल्या दिसत. शेवटी वैतागून मी तिचा चेहरा स्पिरिटनं खसाखसा पुसला, आणि खालून तिच्या स्वतःच्या नसा वर आल्या. लालजांभळ्या, जिवंत. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. ती म्हणाली, "असूद्यात." मी फक्त भुवया पांढऱ्या केल्या आणि डोळ्यांखाली थोडी सावली दिली.

प्रयोगानंतर माणसं रंगपटात आली ती माझा हात बघायला. 'नसन् नस रंगवलीत हो!' म्हणाली. त्या वर्षी रंगभूषेचं पारितोषिकही मला मिळालं. शाल पांघरून मी ते घेतलं आणि समोर पहिल्या रांगेत बसलेली शालनताई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. पहिल्या अंकात लपवायचं आणि तिसऱ्या अंकात उघडं करायचं, एवढंच माझं कसब. ते आम्हा दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तिनं ते एका डॉक्टरला नेऊन देऊन टाकलं होतं, आणि बदल्यात मला काय, तर रिकामा गाल.

मत्सर बायकांनीच करावा असं कुठं लिहून ठेवलंय? मुलानं सुनेच्या हातची आमटी मिटक्या मारत खाल्ली की सासूला जे होतं, तेच मला होत होतं.

शुक्रवारी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. "चेहऱ्याला आता काय लावायचं, काय नाही, ते तुम्हीच समजून घ्या," म्हणाली. मी गेलो, पण समजून घ्यायला नव्हे. कोण तो शहाणा, ते बघायला.

तो शहाणा म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी निघाली. डॉक्टर वैजयंती आमडेकर. तिनं शालनताईला खुर्चीवर बसवलं, डोक्यावरचा दिवा ओढला आणि दोन बोटांनी तिची हनुवटी उचलून चेहरा उजेडाकडे वळवला. ती माझी खूण होती. अकरा वर्षं त्या हनुवटीखाली माझीच दोन बोटं असायची आणि ती चेहरा असाच, न सांगता, सैल सोडून द्यायची. इथंही तिनं तो तसाच सैल सोडला.

"मस्त बसलंय," डॉक्टर म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं समजावून सांगितलं, शाळेतल्या बाई सांगतात तसं. "काका, कातडीच्या अगदी वरच्या थरात केसासारख्या रक्तवाहिन्या असतात. त्या एकदा फुगून सैल पडल्या की पुन्हा आवळत नाहीत. मलमानं तर नाहीच नाही. कुणाकुणाच्या घराण्यातच असतं ते. त्यात ऊन, उष्णता, स्टेजवरचे दिवे. आणि चोळणं." तिनं शालनताईकडे पाहिलं. "यांचा रंग इतकी वर्षं स्पिरिटनं कोण उतरवायचं?"

"मीच उतरवायचे," शालनताई म्हणाली.

हे साफ खोटं होतं. त्या खोट्यानं खरं तर मी विरघळायला हवं होतं. पण माझं टाळकं आधीच फिरलेलं होतं. माझी बाजू घ्यायला तिला लाज वाटते, असा मी अर्थ काढला.

"आणि ते लेझर म्हणजे काय भानगड आहे?" मी विचारलं.

"प्रकाशाचा झोत असतो. तो रक्ताच्या लाल रंगात शिरतो, नस आतून तापते आणि मिटते. मग शरीर हळूहळू ती शोषून घेतं. रबरबँड ताणून गालावर सोडल्यासारखं लागतं. असे शे-दीडशे झोत."

"दीडशे?"

"यांनी हूं की चूं केलं नाही. चार-पाच दिवस तोंड सुजायचं, तेवढंच. शेवटच्या बैठकीला तीन आठवडे झालेत, त्यामुळे रंग लावायला हरकत नाही. फक्त स्पिरिट बंद, चोळणं बंद, उन्हात जाताना मलम. आणि एक लक्षात ठेवा, या गेल्या तरी पुढेमागे नव्या येऊ शकतात."

तिनं सूचनांचा छापील कागद माझ्या हातात दिला. मी तो लांब धरला, मग जवळ आणला, मग 'चष्मा घरी राहिला' असं म्हणत घडी घालायला लागलो. चष्मा माझ्या नाकावरच होता.

"काका, डोळे तपासलेत का अलीकडे?" डॉक्टरनं विचारलं.

"तुम्ही कातडीच्या डॉक्टर ना? मग डोळ्यांत कशाला शिरता?" मी म्हटलं.

तिनं कागद परत मागितला, त्याच्या तळाशी पेननं दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला. मी तो न वाचताच खिशात कोंबला. परतताना रिक्षात शालनताई म्हणाली, "दादा, रागावलात?" मी रस्त्याकडे बघत बसलो.

रविवारी दुपारी साडेचारला सांगलीचा प्रयोग. थिएटर खच्चून भरलेलं. हंगामातला पहिलाच खेळ. पहिला अंक झकास झाला. मध्यंतरानंतरचा दुसराही झाला. तिसऱ्याच्या आधी मला बारा मिनिटं मिळायची. शालनताई धापा टाकत रंगपटात आली, खुर्चीत बसली आणि चेहरा वर केला.

"चला दादा, आज रंगवा नसा. आता तुमची खरी परीक्षा," ती म्हणाली.

थट्टा होती. अकरा वर्षं आम्ही एकमेकांची अशीच थट्टा करत आलो होतो. पण मला ते तीरासारखं लागलं. इतकी वर्षं माझ्या नसांवर मिरवलास, आता दाखव स्वतःचं काय आहे ते, असं ती म्हणाली असं मला ऐकू आलं. मी लालतपकिरी पेन्सिल उचलली. दाखवतोच म्हटलं. काय घालवून बसलीयेस, ते कळू दे.

मुद्दाम केलं का? आज मी एकोणऐंशीचा आहे, खोटं बोलून आता काही मिळायचं नाही. अर्धं मुद्दाम केलं. रागानं हात जड पडला आणि मी तो पडू दिला. उरलेलं अर्धं माझ्या हातात नव्हतं, कारण मी काढत होतो ती रेघ मला दिसतच नव्हती. बल्ब मिणमिणता होता, असं मी त्या दिवशीही म्हटलं. एक रेघ दिसेना म्हणून तिच्यावर दुसरी काढली, दुसरीवर तिसरी.

मी बाजूला झालो. शालनताईनं आरशात पाहिलं.

मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. ती ओरडली असती तर मी म्हणणार होतो, जा, बोलाव तुझ्या डॉक्टरणीला. पण ती ओरडली नाही. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली. ती उठली, पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाली, "येते, दादा." आणि विंगेकडे चालू लागली.

मी मागोमाग गेलो. पडदा उघडला. म्हातारी दारात बसलेली, परदेशी गेलेला मुलगा पंचवीस वर्षांनी यायचा आहे. शेजारणीला ती विचारते, "चेहरा ओळखेल ना गं तो माझा?" या वाक्याला थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

"मांजरानं वरबाडलंय म्हातारीला, कसं वळखंल!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

आणि थिएटर हसलं. दोनचार माणसं नव्हे, आख्खं थिएटर. शेजारणीचं काम करणारी पोरगी पुढचं वाक्य विसरून तशीच उभी राहिली.

शालनताईनं हसू विरू दिलं. घाई केली नाही. मग डोक्यावरचा पदर हळूच गालावर ओढून घेतला, म्हाताऱ्या बायका परक्यासमोर घेतात तसा, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. या वेळी खालच्या आवाजात, जणू लोक हसले ते तिनंही ऐकलंय आणि आता तिला खरंच भीती वाटतेय. पुढचा सगळा अंक तिनं अर्धा चेहरा झाकून केला. शेवटी मुलगा येतो आणि तिचा पदर बाजूला करतो, तिथं तिनं त्याला पदर धरूच दिला नाही. मागच्या रांगेतही रुमाल निघाले. मी विंगेत उभा होतो.

पडदा पडल्यावर उपळेकर तरातरा रंगपटात आले. शालनताई खुर्चीत बसलेली, मी पेटीपाशी उभा.

"सावर्डेकर, हे काय केलंत?" एरवी ते मला दिगूदादा म्हणायचे.

"उजेड कमी होता," मी म्हटलं.

"उजेड! दोन वर्षं ऐकतोय मी तो उजेड. उजेडाला काय धाड भरलीय? तुमचे डोळे गेलेत, दादा."

"उपळेकर, पुरे झालं," शालनताई म्हणाली.

"नाही, आज बोलू द्या मला. जूनमध्येच मी दुसरा माणूस ठरवला होता. वीस वर्षांची मुलगी म्हणून ही स्टेजवर यायची आणि पहिल्या पाच रांगांना नाकाशेजारच्या नसा ढळढळीत दिसायच्या. हिरवा तुम्ही लावायचात, पण नसेच्या शेजारच्या आळीत. पत्रं यायला लागली लोकांची. मी हिला म्हटलं, दादांना बदलू. तर ही म्हणते, दादांच्या हातात दोष नाही, दोष माझ्या चेहऱ्यात आहे. तो मी दुरुस्त करून आणते. लपवायला काही उरलंच नाही तर दादांचं चुकणार कुठं?" त्यांना धाप लागली. "दीडशे दीडशे चटके घेतले या बाईनं. तीनदा. मला वाटलं, गुण आला. आणि तुम्ही आज..."

ते वाक्य अर्धवट सोडून निघून गेले.

मी पेटीचा काठ घट्ट धरला. खोलीत आम्ही दोघंच होतो. डोक्यावरचा बल्ब जळत होता. शंभराचा असावा, कारण त्याची ऊब माझ्या टकलाला लागत होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं.

"खरं आहे?" मी विचारलं.

"रंग उतरवा, दादा. बस थांबलीय."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार होते? तुम्हाला दिसत नाही म्हणून? तुम्हाला?"

स्पिरिटची बाटली मी मागे सारली. खोबरेलाची वाटी घेतली, कापसाचा बोळा भिजवला आणि तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. तिनं चेहरा सैल सोडला. नेहमीसारखा. मी हलक्या हातानं पुसू लागलो. भुवया उतरल्या, डोळ्यांखालची सावली उतरली. मग गालाशी आलो आणि थांबलो. तिथं रंग आहे की नाही, ते मला कळेना. जवळ गेलो, लांब झालो. सगळं दुधात बुडाल्यासारखं. दोन वर्षांत मी एकदाही कबूल न केलेली गोष्ट मला कबूल करावी लागली.

"ताई," मी म्हटलं, "राहिलंय का कुठं?"

तिनं माझं मनगट धरलं आणि माझं बोट आपल्या नाकाशेजारी नेऊन टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "आता जरा खाली. हं. आता डावीकडे."

एकेक रेघ आम्ही अशी पुसली. माझे डोळे वाहत होते आणि ती ते आरशात बघत होती. सगळं झाल्यावर मी खिशातला तो घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. "खाली काय लिहिलंय, वाचा," म्हटलं.

तिनं वाचलं. डोळ्यांच्या एका डॉक्टरांचं नाव आणि पत्ता होता. त्याखाली लिहिलं होतं, 'मोतीबिंदू असावा. ऑपरेशननं स्वच्छ दिसेल. काकांनी उशीर करू नये.'

पुण्याला पोचल्यावर मीच उपळेकरांना सांगितलं, तुमचा दुसरा माणूस बोलवा. दिवाळीआधी एक डोळा झाला, संक्रांतीनंतर दुसरा. पट्टी सुटल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे प्रयोगांचे जुने फोटो काढून बसलो. पहिल्या अंकातले. एकेका फोटोत नाकाशेजारी लाल जाळी, आणि तिच्या बाजूला बोटभर अंतरावर हिरवट डाग. इतकं ढोबळ. या चेहऱ्यानं ती दोन वर्षं रोज वीस वर्षांची मुलगी होऊन स्टेजवर गेली होती, आणि जाण्याआधी मला हात जोडून गेली होती. माझ्याच्यानं पुढचे फोटो बघवले नाहीत.

नवा माणूस चांगला होता. मी मग किरकोळ कामं करत राहिलो. पुढे पाच वर्षांनी त्या नाटकाचा शेवटचा प्रयोग ठरला आणि शालनताईचा निरोप आला, रंग दादाच लावतील.

मी पेटी घेऊन गेलो. रंगपटात लख्ख उजेड होता. ती खुर्चीत बसली, केस मागे बांधले. पंचावन्न उलटली होती तिची. मी कपाळाला बोट लावलं, तिनं हात जोडले. मग मी हनुवटी उचलली आणि त्या चेहऱ्याकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. डाव्या नाकपुडीशेजारी दोन नसा परत आल्या होत्या. बारीक, जेमतेम गव्हाएवढ्या.

"दिगूदादा," तिनं विचारलं, "आता हिरवा नको ना?"

"छे," मी म्हटलं. "चेहरा अगदी स्वच्छ आहे."

तिनं डोळे मिटले. मी तिच्या पाठीमागे वळलो, तळहातावर रंग घेतला आणि त्यात कणभर हिरवा कालवला.